सतरा नंबरचा नवस

चेरीताल, जबलपूर
२ सप्टेंबर २०२४

चि. अवंतिका,

तुला माझा आशीर्वाद, हैदराबादला पोचेपर्यंत कमी न होणारा.

फोन करत नाही म्हणून रागावू नको. फोन जवळ आणला की कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि तू काय बोलतेस ते न कळता मी नुसता "हो, हो" करत बसतो. मागे तू म्हणालीस ताप आलाय, आणि मी म्हटलं, "वा, छान!" तेव्हापासून तुझी आजी मला टोमणे मारून राहिली आहे. त्यापेक्षा पत्र बरं. नाही समजलं तर पुन्हा वाचता येतं.

सकाळी फिरायला जातो तेव्हा गुणवंतराव भेटतात. माझ्यासोबत फॅक्टरीत होते ते. रोज विचारतात, "नात काय करते?" मी म्हणतो, पीएच.डी. "ते ठीक, पण करते काय?" तिथे माझं घोडं अडतं. मी आठवी शिकलेला, तीही दुसऱ्या खेपेस. काल धीर करून म्हणालो, "प्रोटीनवर काम करते." तर म्हणतात, "अच्छा, डब्यातलं पावडर? आमच्या नातवाला पायजे, जिममध्ये जाऊन राहिला."

आता खरी काळजी सांगतो. तुझी आई म्हणाली की हे तुझं शेवटचं वर्ष, आणि अजून एकही क्रिस्टल झालं नाही. नाही झालं तर काय? डिग्री देत नाहीत? एवढी वर्षं फुकट? तुझी आई मला नीट सांगत नाही, म्हणते, "बाबा, तुम्ही टेन्शन नका घेऊ." असं म्हटलं की मला जास्तच येतं. तू मला समजेल अशा भाषेत लिही. क्रिस्टल म्हणजे काय, आणि ते काहून होत नाही?

तुझा,
आबा

*

हैदराबाद
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय आबा,

तुमचं पत्र वाचून लॅबमध्ये एकटीच हसत होते. माझं मराठी चुकलं तर आजीकडून दुरुस्त करून घ्या. तुमच्याजवळ राहून शाळा केली तरी लिहायची सवय हिंदीचीच झाली.

गुणवंतआजोबांना सांगा, डब्यातलं पावडर नाही. टीबीच्या जंतूच्या आत हजारो प्रकारची प्रोटीनं असतात. प्रत्येकाचं एक काम आणि त्या कामाजोगा एक आकार. आकार कळला तर त्याला अडवणारं औषध शोधायला मदत होते. पण ती इतकी बारीक असतात की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. म्हणून आम्ही एकाच प्रोटीनचे असंख्य कण पाण्यातून हळूहळू रांगेत बसवतो. पाकातून खडीसाखर होते तसा खडा होतो. तोच क्रिस्टल. त्या खड्यावर क्ष-किरण सोडले की आतला आकार काढता येतो.

अडचण ही की बहुतेक प्रोटीनं रांगेत बसतच नाहीत. म्हणून आधी निवड करावी लागते. कोण बसण्याजोगं आहे ते बघायचं. फार मोठं नको. पाण्यात विरघळणारं हवं. अंगाला सैल, लोंबणारे भाग नकोत, कारण जे सतत हलतं ते शेजाऱ्याला चिकटून बसत नाही. त्याच्या नात्यातल्या कुणाचा खडा आधी झाला असेल तर फारच चांगलं. कॉम्प्युटर सगळं बघून प्रत्येकाला मार्क देतो.

माझ्या यादीत सतरा नंबरचं एक प्रोटीन आहे. त्याला मार्क फार कमी आहेत. ते जंतूच्या तेलकट कातडीत रुतून बसतं, पाण्यात यायला तयार नसतं, वर एक लांब शेपटी. पण काम बघा त्याचं! औषध आत शिरलं की उचलून बाहेर फेकतं. दारावर बसलेला पहारेकरीच. मला तेच सगळ्यांत आवडतं.

पुढच्या महिन्यात विनता मॅडमबरोबर बसून यातली दोनच निवडायची आहेत. खडा झाला तर जानेवारीत इंदूरच्या मोठ्या क्ष-किरण यंत्रावर आमची पाळी आहे. नाही झाला तर डिग्री लांबेल, पण फासावर नाही चढवणार. काळजी करू नका.

तुमची,
अवंतिका

*

चेरीताल
६ ऑक्टोबर २०२४

चि. अवंतिका,

पत्र वाचलं आणि सगळं समजलं. हे तर स्थळ बघण्यासारखंच आहे. उंची मध्यम, स्वभाव मिसळणारा, नातेवाईक मार्गी लागलेले, आणि मागे लोढणं नको. गुणवंतरावांना समजावलं तर म्हणाले, "म्हणजे तुमची नात टीबीच्या जंतूंचं वधूवर मंडळ चालवते." त्यांना काही सांगण्यात अर्थ नाही. तुझ्या आजीने मात्र पाकात दोरा सोडून वाटी फडताळावर ठेवली होती, खडा कसा होतो ते बघायला. मुंग्या लागल्या.

पण मन काही शांत होईना. नवरात्र सुरू झालं म्हणून नर्मदेवर ग्वारीघाटला गेलो, सचिनच्या स्कूटरवर. तो आपल्या शेजारचा, तोच नेतो. म्हटलं, मैयाच्या कानावर घालावं. पंडा बसला होता, त्याच्याकडून संकल्प सोडला.

"किसके निमित्त, बाबूजी?"

"सत्रह नंबर के."

"नाम बोलिए, नाम."

"नाम ही सत्रह है, महाराज."

"कन्या है कि पुत्र?"

आता हे तू लिहिलंच नव्हतंस. मी म्हटलं, "प्रोटीन है. टीबी के कीड़े का."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग सचिनकडे बघितलं. म्हणाला, "चलो, मैया सबकी है. गोत्र?"

मी आपलंच सांगितलं, काश्यप. त्याचं दुसरं आहे कोण? घरी आल्यावर आजी म्हणते, "बघा, आता आपल्यात सोयरीक नाही करता येणार त्याची, सगोत्र झालं."

हसू नको. सतराचा खडा झाला की मैयाला चुनरी चढवीन असं बोललो आहे. आणखी एक गोष्ट बोललो आहे. ती माझी आणि मैयाची.

मीटिंगमध्ये घाबरू नको. मॅडमना सतराचं नीट सांग. लिही, मी वाट बघतो.

आबा

*

हैदराबाद
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय आबा,

दिवाळीला येता आलं नाही, माफ करा. आजीच्या करंज्या पोचल्या. अर्ध्या चुरा झाल्या होत्या, चुराही आम्ही चमच्याने खाल्ला.

मीटिंग चांगली झाली. विनता मॅडम कडक आहेत पण न्यायी आहेत. पाच आणि अकरा नंबरचं काम सुरू झालंय. पाच नंबर भलतं गुणी आहे. सांगितलं की पाण्यात येतं, सांगितलं की बसतं. रोज सकाळी जाऊन त्याचे थेंब बघते, खडा धरतोय का म्हणून. बारीक सुया दिसायला लागल्या आहेत. सुयांचे खडे व्हायला हवेत.

सतराबद्दल सावकाश लिहीन. पंड्याचा किस्सा सगळ्यांना सांगितला. यशोधन म्हणून माझा एक सहकारी आहे, तो म्हणतो त्याच्या प्रोटीनलाही तुमचं गोत्र द्या.

कानाचं यंत्र दुरुस्तीला दिलंत का? थंडी सुरू झाली असेल, मफलर बांधून फिरायला जा.

अवंतिका

*

चेरीताल
१८ नोव्हेंबर २०२४

चि. अवंतिका,

सुया दिसल्या हे वाचून फार आनंद झाला. गुणवंतरावांना मुद्दाम थांबवून सांगितलं.

सतराबद्दल तू काही लिहिलं नाहीस. आजी म्हणाली, "काही गडबड असेल." मी म्हटलं, तुला काय कळते! आपल्याकडे पोर राहिलं की पहिले तीन महिने कुठे कुणाला सांगतात? नजर लागते. सतरा नाजूक आहे, म्हणून तू बोलत नाहीस. मीच मूर्ख, बाजार मांडला त्याचा. आता तुझ्यासमोर नावही काढणार नाही. फक्त झालं की लगेच कळव. त्या दिवशी फोन केलास तरी चालेल, शिट्टीतसुद्धा ऐकू येईल मला.

इकडे सगळं ठीक. पँट कमरेला सैल होते म्हणून आजी बडबडते. या वयात माणूस थोडा आटतोच. गुणवंतराव म्हणाले, "तुळशीरामजी, कोनसी दवाई चल रही है, हमें भी बताओ." मी म्हटलं, मोकळ्या हवेची.

मफलर बांधतो.

आबा

*

चेरीताल
१० डिसेंबर २०२४

अवंतिका बाई,

मी आजी. यांना न सांगता लिहून राहिले. फोनवर बोलले असते, पण फोन आला की हे बाजूला येऊन बसतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. पत्र सचिनची बायको पोस्टात टाकणार आहे.

यांनी नवरात्रापासून रात्रीचं जेवण सोडलं आहे. ते सतरा का काय आहे तुमचं, त्याचं होईस्तोवर एकच वेळ जेवीन असं मैयासमोर बोलून बसले. मला पहिले म्हणाले, अपचन आहे. मग म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलं. मी आपली रोज हिंगाष्टक देऊन राहिले. आणि रात्रीची शुगरची गोळी मात्र इमानदारीनं घेतात, उपाशीपोटी. काल सकाळी घाटाच्या पायरीवर चक्कर येऊन बसले. फूलवाल्या बाईने तोंडात पेढा कोंबला म्हणून वाचले. शुद्धीवर आल्यावर तिलाच विचारतात, "हा जेवणात तर नाही ना धरत?" असा माणूस.

मी रडले, भांडले, बोलणं सोडलं. ऐकत नाहीत. म्हणतात, "पोरीचं शेवटचं वर्ष आहे, मी दुसरं काय करू शकतो? मला तिचं एक अक्षर समजत नाही. उपाशी तर राहू शकतो!"

तू एक काम कर बाई. लिहून टाक की सतराचं झालं. कोणत्याही खड्याचा फोटो पाठव, यांना काय कळते! देवाला मी समजावून सांगीन, ते माझ्यावर सोड. पण लवकर कर.

आजी

*

हैदराबाद
१४ डिसेंबर २०२४

प्रिय आबा,

आजीचं पत्र मिळालं. तिच्यावर रागावू नका. मी तिच्या जागी असते तर पत्र लिहीत बसले नसते, शेजार गोळा केला असता.

मी आधी सचिनकाकांना फोन केला. ते तुम्हाला डॉक्टरांकडे घेऊन गेले, रात्रीची गोळी बंद झाली, हे कळलंय मला. आता बाकीचं.

आजी म्हणाली, कुठल्याही खड्याचा फोटो पाठव. आबा, ते सोपं होतं. पाच नंबरचे खडे आले आहेत, अगदी काचेसारखे, कडा धारदार. त्याच फोटोखाली सतरा असं लिहिलं असतं तर तुम्ही आज रात्री जेवला असता. फोटो काढूनही ठेवला होता. पण खोटं नाव घालून खड्याचा फोटो पाठवायचा, हे माझ्याच्यानं होईना. इथे त्यासाठी माणसाला कायमचं घरी बसवतात. आणि तुम्ही तो फोटो फ्रेम करून लावला असता, हेही मला माहीत आहे.

तर खरं ते सांगते. सतरा यादीत नाही. ऑक्टोबरच्या मीटिंगमध्येच काढलं. मॅडमनी नाही काढलं, मीच काढलं. मॅडम म्हणाल्या, "तुझ्याकडे थोडे महिने आहेत. जे आवडतं ते घ्यायचं की जे होण्यासारखं आहे ते घ्यायचं, तू ठरव." मी पाच आणि अकरा म्हणाले. त्याच दिवशी तुमच्या नवसाचं पत्र माझ्या टेबलावर होतं. मला तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही. तुम्ही ज्याच्यासाठी उपाशी आहात त्याला गेल्या दोन महिन्यांत कुणी हातही लावलेला नाही.

आता जेवा. कृपा करून जेवा.

अवंतिका

*

चेरीताल
२० डिसेंबर २०२४

चि. अवंतिका,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

खोटा फोटो पाठवला नाहीस ते बरं केलंस. तुझी आजी मला समजते त्यापेक्षा मी थोडा शहाणा आहे. पण तू मला सांगितलं नाहीस याचं वाईट वाटलं. मी काय, सतराचं नाव काढून नाचत होतो, आणि तू तिकडे वाचत होतीस.

मला राहून राहून एकच वाटतं. फॅक्टरीत भरती झाली तेव्हा मी आणि माझा मोठा भाऊ एका रांगेत उभे होतो. साहेब यायचा, दोन प्रश्न विचारायचा. मी पटकन उत्तर दिलं, मला घेतलं. भाऊ बोलताना अडखळायचा. त्याला बाजूला केलं. हाताने तो माझ्यापेक्षा चांगला कारागीर होता. पण साहेबाचीही चूक म्हणता येत नाही, रांग मोठी होती. तू मार्कांचं लिहिलं होतंस तेव्हाच मला सतराची बाजू घ्यावीशी वाटली होती. शेपटी आहे, लवकर मिसळत नाही, म्हणून त्याचं कुणी बघायचंच नाही का? मला शास्त्र समजत नाही. चुकत असेन.

जेवणाचं म्हणशील तर ते माझ्या हातात राहिलं नाही. तू सतराला तुझ्या यादीतून काढलंस. मी मैयाला दिलेलं कसं काढू? पाण्यात उभा राहून बोललेलं आहे. गोळी बंद झाली, आता चक्कर येणार नाही. दुपारी पोटभर जेवतो. तू तुझं काम बघ, इंदूरची तयारी कर.

आबा

*

हैदराबाद
२६ डिसेंबर २०२४

प्रिय आबा,

तुम्ही चुकत नाही. मोठ्या आजोबांचं मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

पण सतराला टाकून दिलेलं नाही, आबा. खडा न होणं हा काही त्याचा दोष नाही. ते तसं आहे, एवढंच. रांगेत न बसणाऱ्यांना बघायची आता दुसरी रीत निघाली आहे. पातळ बर्फात एकदम गोठवायचं आणि एकेकाचं चित्र घ्यायचं, रांगेची गरजच नाही. ते यंत्र आमच्याकडे नाही. बंगळूरला अपूर्व म्हणून माझा मित्र आहे, त्याच्या लॅबमध्ये आहे. सतराची सगळी सामग्री मी मॅडमना विचारून त्याला पाठवली. कालच पोचली. काम छापून येईल तेव्हा माझं नाव त्यावर असेल-नसेल. त्याला वर्ष लागेल, दोन लागतील, कदाचित होणारही नाही. पण कुणीतरी त्याच्याकडे बघतंय.

आता नवसाचं. माझ्या दहावीच्या वेळी तुम्ही मैयाला पायऱ्या झाडायचं बोलला होतात. पास झाल्यावर झाडू माझ्या हातात दिलात. मी भांडले, तर म्हणालात, "आपल्या घरात ज्याच्यासाठी बोललं त्यानं फेडायचं." हा नवस तुम्ही माझ्यासाठी बोललात. म्हणजे माझा आहे. म्हणून सोमवारपासून रात्रीचं जेवण मी सोडलंय, सतराचं होईपर्यंत. तुम्ही मोकळे. ही धमकी समजू नका. एक माणूस एकट्याने माझं ओझं वाहतोय हे मला इथे बसून बघवत नाही, एवढंच.

दहा तारखेला इंदूरला जाते. तिथून रात्रीच्या गाडीने तुमच्याकडे.

अवंतिका

*

चेरीताल
२ जानेवारी २०२५

अवंतिका,

हे काय डोकं फिरल्यासारखं! बंगळूरला दोन वर्षं लागली तर तू दोन वर्षं रात्री जेवणार नाहीस? पत्र आजीला वाचून दाखवलं. आजी म्हणते, "आता कसं वाटते?" मग उठून गेली. दाराआड जाऊन हसली असेल, की रडली असेल, मला दिसलं नाही.

तसाच घाटावर गेलो. पंडा म्हणाला, "बाबूजी, नियम तो नियम है. वचन वापस नहीं होता." मी म्हटलं, "महाराज, मुलगी इंदूरला एवढ्या मोठ्या यंत्रासमोर उभी राहणार आहे, ती उपाशीपोटी उभी राहील का?" तो म्हणाला, "तो आप खाइए, वो भी खा लेगी." मी म्हटलं, मग नियमाचं काय? त्यावर तो आपल्या उदबत्त्या नीट लावत बसला.

मग मीच उतरलो पाण्यात, गुडघ्यापर्यंत. पाणी बर्फासारखं होतं. मैयाला म्हटलं, मी सौदा केला होता तुझ्याशी, तो चुकला. जे होणार नव्हतं ते मागितलं, आणि ज्याच्यासाठी मागितलं ते पोर उपाशी बसवलं. आता काही मागत नाही. चुनरी आणली होती सोबत, ती तशीच वाहिली. खडा झाला म्हणून नाही, डिग्री मिळावी म्हणूनही नाही. पंडा वरून ओरडतो, "अरे बाबूजी, संकल्प तो बोलिए! ऐसे ही कैसे चढ़ा रहे हैं?"

पाय सुन्न झाले होते. शेवटी म्हटलं, "लिख लो महाराज, सत्रह नंबर जहाँ रहे, अच्छे से रहे."

तो म्हणाला, "बस?"

मी म्हटलं, "बस."

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. आजीने न विचारता दोन ताटं घेतली. वरण, भात, मेथीची भाजी. रात्रीची सवय गेली होती, आधी थोडंच घेतलं. मग दुसऱ्यांदा भात घेतला. आजी समोर बसून बघत होती, तिला म्हटलं, तूही जेव, काय बघतेस.

तर मी जेवलो. आता तू. हे पत्र सचिन आत्ता फोनमध्ये फोटो काढून तुला पाठवतो आहे, कारण टपालाला उशीर लागेल आणि तेवढ्या रात्री तू उपाशी राहावीस हे मला चालणार नाही. वाचलंस की ऊठ, काहीतरी कर, खिचडी तरी टाक. आणि काय जेवलीस ते सचिनच्या फोनवर लिही. तो इथेच बसला आहे, मीही बसलो आहे.

आबा